पाण्यावरच्या नियतकालिकाचा विशेषांक

बाई रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तरी त्यांचा दिवस दुसऱ्यांच्या चुका शोधण्यातच जायचा. पिण्याच्या पाण्यावरचं एक छोटं संशोधन-नियतकालिक त्या चालवायच्या. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. ज्याला हवं त्याने संकेतस्थळ उघडावं आणि वाचावं. महाविद्यालयाने आधी अनुदान बंद केलं, मग खोलीही काढून घेतली. तेव्हापासून कार्यालय म्हणजे बाईंच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यावर धाकटी बहीण जेवायची आणि टोमणे मारायची.

"ताई, लष्कराच्या भाकऱ्या भाजून डोळे घालवलेस," ती म्हणायची. तरी संकेतस्थळाचं सगळं तीच बघायची, कुरकुरत आणि फुकट.

बाईंची एक खोड होती. लेख छापण्याआधी त्या लेखकाला फोन करून विचारायच्या, "प्रयोगात काय बिघडलं होतं?" खरा माणूस लगेच सुरू व्हायचा: वीज गेली, नळी फुटली, मदतनीसाने नमुन्याच्या बाटल्याच धुवून टाकल्या! बाई पोट धरून हसायच्या आणि लेख छापायच्या. ज्याचं काहीच बिघडलं नाही, त्याचा लेख पुन्हा तपासायला जायचा. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण नियतकालिकाचा शब्द लोक मानायचे तो यामुळेच.

पुढे फुकट लेख तपासणाऱ्यांनी एकेक करून हात वर केले. अंक रखडले, बाई मेटाकुटीला आल्या. नेमक्या त्याच वेळी एका गृहस्थांचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. पाहुणा संपादक म्हणून ते एक विशेषांक काढून देणार होते. लेख त्यांचे, तपासनीस त्यांचे, संकेतस्थळाचा वर्षाचा खर्चही त्यांच्या संस्थेचा. बाईंना देव पावल्यासारखं झालं.

लेख आले ते अगदी नेटके. तपासनीसांची उत्तरं दुसऱ्या दिवशी हजर, आणि सगळ्यांना सगळं आवडलेलं. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"फोनचं तेवढं राहू द्या," गृहस्थ म्हणाले. "लेखक दूरदूरचे आहेत. तुम्ही आधीच किती दमता!"

बाईंनी राहू दिलं. थकलेल्या माणसाला मदत नाकारता येत नाही, हे त्या गृहस्थाने बरोबर हेरलं होतं. मेल्याला दुसरं कोणी सापडलं नाही.

अंक निघाला. दोन-अडीच महिन्यांनी धाकटी जेवता जेवता थांबली. "ताई, या दोन लेखांतले आलेख बघ. दोन वेगळ्या देशांतल्या विहिरी, आणि पाणी इतकं सारखं?"

बाईंनी तिथेच फोन लावायला घेतले. पहिला क्रमांक अस्तित्वातच नव्हता, दुसराही नाही. तिसरा उचलला गेला. बाईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"काहीच बिघडलं नाही. सगळं सुरळीत झालं," पलीकडून उत्तर आलं. आवाज मऊ होता, अदबीचा. बाईंनी ओळखला. पुन्हा लावला तेव्हा फोन बंद होता.

बढतीसाठी छापील लेख हवे असलेल्यांना बनावट लेख विकायचा धंदा चालतो, हे बाईंनी नुसतं ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळा विशेषांक मागे घेतल्याची सूचना लावली.

"पण संकेतस्थळावरून लेख कोणी उतरवून घेतलेत, ते कळेल का?" बाईंनी विचारलं.

"किती वेळा ते कळतं. कोणी ते नाही. वाचणाऱ्याला नाव विचारायचं नाही, असं तूच ठरवलंयस."

बाईंना त्या गोष्टीचा केवढा अभिमान होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. ते आभार मानायला लागले. "तुमच्या अंकात वाचून विटांच्या चुऱ्याची गाळणी बसवली, अगदी दिलीय तशीच. पाण्यात आर्सेनिक म्हणून शाळेची विहीर बंद केली होती, ती चालू केली. महिना झाला, मुलं तेच पाणी पितायत."

बाईंनी त्यांना मधेच थांबवलं. "सर, तो लेख खोटा आहे. आत्ताच्या आत्ता नळ बंद करा. मुलांना डॉक्टरांकडे न्या."

"खोटा?" मुख्याध्यापक गोंधळले. "पण तुम्ही छापलाय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "मी छापलाय."

पलीकडे घंटा वाजली. "मधली सुट्टी..." एवढंच ते बोलले आणि फोन तसाच टाकून धावले. बाई कानाला फोन लावून उभ्या राहिल्या. जिन्यावरून मुलं धडधडत खाली उतरत होती, आणि 'पिऊ नका, पिऊ नका' हे मुख्याध्यापकांचं ओरडणं त्या गलक्यात कोणालाच ऐकू जात नव्हतं.