सिस्टरांचा डोंगर

मी बहारीनच्या हॉस्पिटलमध्ये लॅबला लागले, तेव्हा तिथल्या मुख्य सिस्टर आयरिश होत्या. दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी झल्लाकच्या किनाऱ्यावर चालायचो. त्या म्हणायच्या, "आमच्या घरामागे एक डोंगर आहे. तिथं कुणी फिरकत नाही. तू ये एकदा." निवृत्त होऊन आयर्लंडला परत गेल्या तरी फोनवर तेच. शेवटी गेल्या वर्षी मी लीव्ह टाकली आणि गेले.

पोचले तर सिस्टरांच्या हातात काठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मला सांगितलंच नव्हतं.

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे बूट मला घालायला लावले. मला मोठे होत होते, म्हणून आत दोन जोड मोजे. "दगडी कुंपण डाव्या हाताला ठेव. धुकं आलं तर आहेस तिथंच बस."

वाट अशी नव्हतीच. ओलं गवत आणि मध्येच काळा चिखल. मी पाटण खोऱ्यातली, लहानपणी अनवाणी डोंगर चढलेली. पण पंधरा वर्षं पायाखाली फक्त फरशी आणि वाळू. एका ठिकाणी पाय पोटरीपर्यंत रुतला आणि बूट आतच राहिला. हात घालून तो ओढला, चिखलाचा वास नाकात शिरला आणि आमचं भाताचं खाचर आठवलं. आईच्या मागं रोपांच्या मुठी घेऊन मी अशीच रुतायचे. एकटीच मोठ्यानं हसले.

माथा अगदी जवळ दिसत होता, तेवढ्यात धुकं उतरलं. कुंपणाला टेकून बसले. मेंढ्यांचा आवाज येत होता, मेंढ्या दिसत नव्हत्या. भीती वाटली, पण हलले नाही. पोळी-चटणी खाल्ली. तासाभरानं जरा विरळ झालं, तशी कुंपण उजव्या हाताला धरून खाली आले.

सिस्टर फाटकात उभ्या होत्या, खांदे भिजलेले.

"काय दिसलं?"

"काहीच नाही. नुसतं धुकं."

त्या खळखळून हसल्या. "मलाही तिथं बहुतेक वेळा तेवढंच दिसायचं."

आता इथं बहारीनच्या उन्हाळ्यात मी सीफच्या मॉलमध्ये फेऱ्या मारते. सिस्टरांचा फोन येतो. आधी गुडघ्याचं सांगतात, मग डोंगर आज उघडा आहे की झाकलेला, ते. पुन्हा येईन म्हटलं की म्हणतात, "इंशाल्ला." इतकी वर्षं इथं काढून तो शब्द त्यांच्या तोंडी बसलाय.