शेळी व्यायलीय

मंगळवारी आमच्या शाळेत एका शेळीनं मला पार पंचवीस वर्षं मागं नेऊन सोडलं. शेळी शाळेत आलीही नव्हती, ती आपली घरीच होती...

मी बोरीजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सरकारनं आता मुलांना एआय शिकवायचं मनावर घेतलंय. आमचं तालुक्याला प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं आणि शाळेला दोन टॅब आले. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर देणारे.

आमचे हेडमास्तर चुडाव्याचे, म्हणजे आमच्याच बोलीतले. त्यांनी टॅबला हळदकुंकू वाहून नारळ फोडला, पण ते कपाटात कुलूपबंद केले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी चारठाण्याला शाळेत होते तेव्हा पहिला कॉम्प्युटर आला होता... आम्ही चपला बाहेर काढून त्याचं लांबूनच दर्शन घेतलं. त्याच्यावर कायम एक फुलाफुलांचा टॉवेल असायचा. दहावी झाले तरी त्या टॉवेलाखाली नेमकं काय होतं, ते मला कळलं नाही.

तर मंगळवारी सहावीचा तास. मनात येईल ते टॅबला विचारायचं आणि आलेलं उत्तर बरोबर आहे का ते आपण तपासायचं, असा धडा होता. सारिकाचा नंबर आला. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत आणि त्या दिवशी सकाळपासून तिचं लक्ष वर्गात नव्हतंच.

तिनं टॅब तोंडाजवळ धरला. "आमची शेळी व्यायलीय. सकाळधरनं. काय करावं?"

टॅबनं गोड आवाजात अभिनंदन केलं. पिल्लाला लवकर चीक पाजा, शेळीला कोमट पाणी द्या... बरंच काही सांगितलं.

सारिका त्याच्याकडं बघतच राहिली. "पिल्लू कुठंय आजून? व्यायलीय म्हणायलेय मी."

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्याकडं 'करायलाय' म्हणजे करतोय, 'जायलाय' म्हणजे जातोय. त्याच चालीवर 'व्यायलीय' म्हणजे शेळी अजून कळा देतेय. पुस्तकातल्या मराठीत मात्र ती बिचारी केव्हाच मोकळी झालेली असते.

वर्ग खो खो हसला. आणि सवयीनं माझ्या ओठावर आलं, 'सारिका, शुद्ध बोल.' वीस वर्षं मी हेच करत आलेय. 'हाय' नाही, 'आहे'. 'आमी' नाही, 'आम्ही'. पण त्या दिवशी मी ते म्हटलं नाही...

कारण मला पुण्याचं होस्टेल आठवलं. डीएडचं पहिलं वर्ष. मेसमध्ये अर्धा ग्लास पिऊन मी दम घ्यायला तो टेबलावर टेकवला, तर शेजारच्या मुलीनं ग्लास मागितला. मी म्हणाले, "थांब, पाणी प्यायलेय." तिनं सरळ ग्लास उचलला आणि उरलेलं पाणी ओतून दिलं. प्यायलीस ना, मग झालं की!

सगळं टेबल हसलं. पोरी वाईट नव्हत्या, पण वर्षभर माझं नाव 'प्यायलेय' पडलं. मी महिनाभर मेसमध्ये तोंडच उघडलं नाही. उघडलं तेव्हा पुस्तकातलं बोलायला लागले होते.

सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, "बाई गं, साहेबिणीवानी बोलायलीस." गमतीनं म्हणायची... पण हळूहळू तीच माझ्याशी जपून, अडखळत बोलायला लागली. ते मला फार उशिरा कळलं. आई आता नाही. तिच्याशी तिच्या बोलीत पोटभर बोलायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सारिका टॅब बाकावर उलटा ठेवून खाली मान घालून बसली होती. ही पोरगी आता वर्षभर वर्गात बोलणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तेच केलं होतं.

मी तिच्यापाशी गेले, टॅब उचलला आणि वर्गाला विचारलं, चुकलं कोण? मग मीच म्हणाले, "सारिका बरोबर हाय. ह्याला आपलं बोलणं येत न्हाई. कुणी शिकवलंच न्हाई त्याला."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मॅडमच्या तोंडून 'हाय' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. सारिकानं मान वर केली. "मॅडम, तुमाला येतंय आपलं बोलणं?"

"येतंय की. चारठाण्याची हाय मी." आवाज माझा होता, पण हेल सगळा आईचा... मला जरा वेळ फळ्याकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

मग टॅबला न कळणारे आपले शब्द फळ्यावर लिहायचं ठरलं. घंटा झाली तेव्हा फळ्यावर जागा उरली नव्हती, आणि निम्मे शब्द एकट्या सारिकाचे होते. मधल्या सुट्टीत मी गुरांच्या डॉक्टरांना फोन करते म्हटलं, तर ती म्हणाली, "आई हाय तिच्यापाशी. आईला कळतंय." तरी मी केलाच.

बुधवारी ती शाळेच्या फाटकातच मला गाठून म्हणाली, "आता व्याली, मॅडम. दोन झाले."

त्या आनंदात मी स्टाफरूममध्ये येऊन तांब्या तोंडाला लावला, तेवढ्यात हेडमास्तर दारात. मीटिंगला चला म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा सर, पाणी प्यायलेय."

सर दारातच थांबले... माझं पिऊन होईपर्यंत.