तुरटीवाले मास्तर

काचेची बरणी खिडकीच्या उजेडापुढे धरायची, एक डोळा मिटायचा, दुसरा बारीक करायचा आणि आत दोऱ्याला लटकलेला खडा बराच वेळ न्याहाळायचा. मग बरणी जपून खाली ठेवून समोरच्या पोराला विचारायचं, "हलवली होती का? सांग. रागावणार नाही."

आणि पोर सांगायचं. मला पहिला संशय आला तो इथेच. आमच्या लालबागच्या चाळीतली पोरं म्हणजे दोन थोबाडीत दिल्या तरी कबूल होणारी नव्हेत. ती या माणसापुढे भडाभडा बोलायची. ज्यांचा आवाज कधीच चढत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी अशांपासून चार हात लांब राहते.

संशय घेणं हे तर माझं कामच होतं. गिरगावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासायचे. समोरची ओळ चुकलेलीच असणार असं धरून वाचायचं, याचा मला पगार मिळत असे. ती सवय संध्याकाळी चप्पल काढली तरी सुटायची नाही. घरचे म्हणत, हिला देवाने दोन डोळे दिलेत ते फक्त खोट काढायला. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मास्तर नगरकडचे ख्रिस्ती. परळच्या एका मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवत आणि आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटे राहत. बायको फार पूर्वी वारली होती. पांढरा लेंगा, काळा कोट, वाटेत कुणीही भेटलं की हात किंचित उचलून "सलाम". लग्नाच्या, वर्गणीच्या, नळाच्या, कसल्याच भांडणात नाहीत. चाळीत राहून ज्याचं कुणाशी एकदाही वाजलं नाही त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं, असं माझं तेव्हाचं मत होतं. आजही फारसं बदललेलं नाही.

त्यांना छंद होता तुरटीचे खडे वाढवण्याचा. न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तीच तुरटी. गरम पाण्यात ती विरघळेल तेवढी विरघळवायची, पाणी मलमलीतून गाळून बरणीत ओतायचं, त्यात दोऱ्याने एक बारीक कण सोडायचा, वर फडकं बांधायचं आणि बरणी अशा जागी ठेवायची की तिला कुणाचा धक्का लागणार नाही. काही आठवड्यांत त्या कणाचा हिऱ्यासारखा पैलूदार खडा होतो. घाई केली, बरणी हलवली, आत धूळ गेली, की तळाशी नुसता चुरा साचतो. शनिवारी शाळा अर्धी सुटली की आसपासची पोरं आपापल्या बरण्या घेऊन मास्तरांकडे जमत. त्यांत परळची ख्रिस्ती मुलं होती, वरळीच्या बीडीडी चाळीतली दोघं होती आणि आमच्या चाळीतली पाचसहा. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, वसंत.

आता मुलांनी खडे वाढवले तर कुणाची काय हरकत असणार? पण त्या खोलीत शास्त्र कमी आणि बाकीचंच जास्त चाले. बरणी पुढ्यात ठेवून आधी सगळ्यांनी गप्प बसायचं. रविवारी बरणीकडे बघायचंही नाही, तो विसाव्याचा दिवस. एकदा पाणी तयार झालं की वरून तुरटी टाकायची नाही. हाव करायची नाही. आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायचं आणि ते कुणाला सांगत सुटायचं नाही. आणि शेवटी कबुली. बरणीचं काय बिघडवलं ते सांगायचं, मग वाटलं तर आठवड्यात आपल्या हातून काय बिघडलं तेही.

चाळ कमिटीच्या नानांनी त्यांना गॅलरीत गाठलं. नाना गिरणीत कामाला, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात पुढे. "मास्तर, सरळ विचारतो. पोरांना काय पढवताय?"

"ख्रिस्ती साधना," मास्तर म्हणाले. "तुरटी निमित्त."

नानांची तयारी होती ती आडूनआडून उत्तर येईल याची. ते गडबडले. "म्हणजे बाटवणार?"

"पाणी शिंपडायचं असतं तर आमच्या देवळात, चर्चमध्ये नेलं असतं. माझ्या ख्रिस्ती मंडळीतली मुलं प्रभूला हाक मारतात. तुमची त्यांच्या देवाला मारू देत, नाहीतर नुसती गप्प बसू देत. पण हे गप्प बसणं मी प्रभूपाशी शिकलो. ते लपवून कसं शिकवू?"

मी दारात उभी राहून ऐकत होते. इतकं उघड सांगणारा माणूस याहून मोठं काहीतरी पोटात ठेवत असणार, अशी माझी खात्रीच झाली. नानांचंही तेच झालं असावं, कारण त्या दिवसापासून ते मास्तरांना सलामाला सलाम करेनासे झाले. त्या सुमारास धर्म बदलण्याचा विषय गिरणगावात घरोघरी चालला होता. वरळीत कितीतरी कुटुंबं बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायच्या बेतात होती, आणि आता कोण कुठे जाईल याकडे सगळ्यांचेच कान होते.

आमच्या आईला मास्तरांचं भय नव्हतं, बरणीतल्या पाण्याचं होतं. "त्या पाण्याक तोंड लावू नको हां," ती वसंताला रोज बजावे. तिच्या मते माणूस ख्रिस्ती होतो तो पाण्यानेच. पण वसंताला बरणी ठेवायला जागा हवी होती, आणि आमच्या खोलीत सात माणसांचा धक्का न लागणारी जागा एकच, देवांची फळी. चार दिवस वाद चालला. शेवटी बरणी गणपतीच्या शेजारी बसली. आईने समोर काही केलं नाही. सगळे बाहेर गेल्यावर मात्र फडकं सोडून आत तुळशीचं पान टाकलं, पाणी शुद्ध राहावं म्हणून.

झालं. पानाभोवती चुरा धरला, दोऱ्यावर चुरा धरला, वसंताच्या खड्याला मुरुमाचे फोड आल्यासारखं झालं. शनिवारी मास्तरांनी बरणी उजेडात धरली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. वसंत नाही म्हणाला. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही, पण पोराचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी आई पदर खोचून टोकाच्या खोलीकडे निघाली. काय करते बघायला मी मागोमाग गेले.

"मियां टाकलंय तुळशीचा पान," आई उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "माझ्या झीलाचो दोष नाय तेच्यात."

मास्तर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "देवाच्या भयानं टाकलंत बाई. माझ्या पोरांना एवढं भय असतं तर मी सुखी झालो असतो." मग त्यांनी तिच्या हातावर तुरटीचा नवा कण ठेवला. आईने तो घरी आणून स्वतः दोऱ्याला बांधला. तेव्हापासून मास्तरांविषयी वाकडं बोललेलं तिला खपेना. घरात संशय घेणारी मी एकटीच उरले.

मग चळवळीने पेट घेतला. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर काचांचा खच. एका दुपारी पोलिसांची तुकडी आमच्या चाळीखालून जात असताना वरून एक दगड आला आणि एका हवालदाराचं कपाळ फुटलं. कुणी मारला ते कुणाला कळलं नाही, निदान कळलं असं कुणी म्हणालं नाही. वसंताने त्या रात्री जेवण टाकलं. मला वाटलं, मास्तरांचा उपास असेल.

शनिवारी तो त्यांच्याकडून आला तो थेट माझ्यापाशी. "ताई, तो दगड माझा होता. मी मास्तरांना सांगितलं."

दगडाचं ऐकून मी घाबरले, पण दुसरं वाक्य ऐकून मी आधी दार लावून घेतलं. वसंत मॅट्रिकला बसलेला. वडिलांची सगळी आशा त्याच्यावर. पोलिसांनी नेलेली पोरं कशी परत येत होती ते आम्ही पाहत होतो. आणि हा सांगून आला कुणाला, तर उभ्या चाळीत खोटं न बोलणारा जो एकच माणूस होता त्याला. खोटं न बोलणारा शेजारी शांततेच्या काळात परवडतो. चळवळीच्या काळात तो घरात साप निघाल्यासारखा असतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, इन्स्पेक्टर आले. प्रत्येक दारात तोच प्रश्न आणि तेच उत्तर: माहीत नाही. नाना म्हणाले, वडील म्हणाले, मी तर विचारायच्या आधीच म्हणाले. वसंत आत पडद्यामागे. इतक्यात मास्तर देवळातून परतले, बगलेत बायबल. जिन्यातच त्यांना थांबवलं.

"दगड कुणी मारला, माहीत आहे?"

"आहे."

आईने माझं मनगट धरलं.

"कुणी?"

"ते मी सांगणार नाही."

"तुमच्याकडे येणाऱ्या पोरांपैकी कुणी?"

"त्याचंही उत्तर देणार नाही. ज्याने सांगितलं त्याने भरवशाने सांगितलं. तुम्हाला सांगायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवायचं."

सोबतचा एक शिपाई घाटावरचा असावा. तो हळूच म्हणाला, "मास्तर, ठावं न्हाई म्हना आन् सुटा की."

"ठाऊक आहे ना पण," मास्तर म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं की त्या भल्या माणसाचा सल्ला घेता येत नाही.

त्यांची खोली तपासली. इन्स्पेक्टरने बरण्या हुंगल्या. "हे काय?"

"तुरटी."

"कशासाठी?"

"पोरांना गप्प बसायला शिकवायला."

इन्स्पेक्टरला ती आपली थट्टा वाटली. मास्तरांना घेऊन गेले.

संध्याकाळी आईने भाकरी बांधून मला चौकीवर पाठवलं. खरं सांगायचं तर मी दयेने गेले नव्हते. हा किती टिकेल ते मला बघायचं होतं. त्यांचा ओठ सुजला होता, कोटाची बाही उसवली होती. भाकरी घेऊन ते म्हणाले, "वसंत बरा आहे?"

"इथे नाव घेऊ नका," मी दात आवळून म्हणाले.

"त्याला म्हणावं, माझ्यासाठी येऊ नको. स्वतःला वाटलं तरच ये."

घरी मी शब्दन् शब्द सांगितला. वडील म्हणाले, "बघ, मास्तरच येऊ नको म्हणतात," आणि दाराला कडी घातली. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. वसंताने दुसरं ऐकलेलं मला दिसलं, पण तो उठला नाही. सोळा वर्षांचं पोर ते, बापाच्या कडीपुढे काय करणार.

काही दिवसांनी मास्तर सुटून आले. कुणालाही अटक झाली नव्हती, याचा अर्थ त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. लहान पोरालाही हे कळलं असतं. पण चाळीत चर्चा झाली ती वेगळीच. इतक्या लवकर सुटला कसा? काहीतरी कबूल करून आला असणार. नानांनी शनिवारी पोरं पाठवू नका असं घरोघर सांगितलं. मिशनच्या शाळेलाही पोलिसात जाऊन आलेला मास्तर मुंबईत नको झाला, आणि त्यांना नगरकडच्या कुठल्याशा गावी पाठवायचं ठरलं.

निघताना ते आमच्या दाराशी आले. हातात ट्रंक. "वसंत आहे?"

वसंत दाराआड उभा होता आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता. "नाही," मी म्हणाले. मला खोटं बोलायला कधीच जड गेलं नाही.

मास्तरांनी उंबऱ्यातल्या त्याच्या चपलांकडे पाहिलं. "बरं. आला की सलाम सांगा." मग आईला सलाम करून ते जिना उतरले. त्यांना आमच्याकडून नेमकं काय हवं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. एखाद्याला काहीच नको असतं हे माझ्या बुद्धीला अजून पटत नाही.

वसंत मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, पण फार कमी बोलायचा. पुढे महाराष्ट्र झाला. चाळीच्या चौकात मांडव पडला, लाडू वाटले, आणि चळवळीत आत जाऊन आलेल्यांचा सत्कार ठरला. नाना एकेक नाव पुकारत होते, हार घालत होते. सगळी नावं झाली. मास्तरांचं आलं नाही. ते यायला हवं असं कुणाच्या मनातही नव्हतं.

वसंत उठून व्यासपीठावर गेला. "एक नाव राहिलं," तो म्हणाला. "हवालदाराचं कपाळ फुटलं तो दगड मी मारला होता. तो माणूस आयुष्यभर ती खूण घेऊन फिरेल. मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, माझ्यापायी मार खाल्ला, मुंबई सोडली, आणि मी पडद्यामागे बसून राहिलो."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा रे पठ्ठ्या!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. दोघांनी त्याला खांद्यावर उचललं. तो हात जोडून "अहो, ऐका तरी, मी काय म्हणतोय" असं म्हणत होता, पण चाळीला आपला वीर सापडला होता. आईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती तोंडाला पदर लावून रडत होती.

लोकांच्या खांद्यावरून वसंताने मान वळवून वरच्या मजल्याकडे, टोकाच्या खोलीकडे पाहिलं. तिथे आता नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्या घरची बाई कठड्याला रेलून उभी होती, आणि तीही टाळ्या वाजवत होती.