झुंबराचा सातवा हात

आखातातल्या एगैला या वस्तीतल्या बंगल्यातून फोन आला तेव्हा मी वायर घ्यायला दुकानात उभा होतो. भिकाजी गेला, असं ड्रायव्हरने हिंदीत सांगितलं आणि मी त्यालाच झापलं. तासापूर्वी तर मी भिकूदादाशी भांडून निघालो होतो! दोन महिने झाले, तरी ते वाक्य माझ्या कानात शिरत नाही…

भिकूदादा गुहागरकडचा, साधा इलेक्ट्रिशियन. शेजारी देशाने केलेल्या आक्रमणानंतर लुटलेल्या इथल्या घरांत दिवे बसवताना त्याची गाठ इंग्लंडात घडवलेल्या, पैलू पाडलेल्या काचेच्या जुन्या झुंबरांशी पडली आणि गडी त्यांच्या नादीच लागला. मी वायरिंग बघायचो, काच त्याची. बाळाला न्हाऊ घालावं तसा एकेक लोलक कोमट पाण्यात धुवायचा. खोलीवर मात्र स्वतःचं ताट धुवायला कुरकुर! त्या दिवशी बारा हातांचं झुंबर उतरवून त्याने चादरीवर ओळीने मांडलं होतं. सगळे हात दिसायला सारखे, पण प्रत्येक आपल्याच भोकात सरळ बसतो. मी म्हटलं, "नंबर लिहून ठेव की कागदावर."

"कशाला? माज्या डोक्यात हाय ना सगला."

"आणि उद्या तू नसलास तर?"

तो हसत पुढचा लोलक पुसू लागला आणि मी तणतणत वायर आणायला निघालो. हेच आमचं शेवटचं बोलणं.

चादरीशेजारी बसल्या बसल्याच तो गेला. स्ट्रेचरला वाट करायला बंगल्यातल्या लोकांनी बाराही हात कोपऱ्यात ढिगाने ठेवले. त्याला गावी पाठवून मी परतलो, तर बंगल्याचे मालक म्हणाले, जमत नसेल तर खोक्यात भरून टाका. भिकूदादाचं शेवटचं काम खोक्यात? मला रडू आलं, त्याचा रागही आला. एक हात उचलून उजेडात धरला, तर बुडाच्या पितळेवर बारीक खाचा दिसल्या. तीन. वरच्या तबकडीत एका भोकाशेजारीही तीनच. कधीकाळी कुणा इंग्रज कारागिराने आपल्यामागे येणाऱ्यांसाठी करून ठेवलेली ती खूण होती.

अकरा हात बसले. उरला सातवा. मूळचा आक्रमणात फुटलेला. भिकूदादाने जाण्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या मोडक्या झुंबराचा मिळवून आणलेला. त्यावर खूण कुठली असणार? तरी उलटा केला… पितळेवर सात खाचा होत्या. ताज्या, चकचकीत, जराशा वाकड्या.

झुंबर लागलं. भिकूदादाची कानस माझ्या पेटीत आहे. तिच्या दात्यांत पितळेचा कीस अडकलाय. तो मी अजून झटकलेला नाही.