तिलाच विचारा

वाघमारे सरांना त्यांच्या आईबद्दल काहीही विचारलं, की उत्तर ठरलेलं असे, "तिलाच विचारा." लग्नाला येणार का, जेवणात तिखट चालतं का, एवढंच काय, तब्येत कशी आहे यालाही तेच. बीडला आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. पहिलं वर्षभर मला वाटायचं, या माणसाला आईचं काही पडलेलं नाही.

त्यांची आई, गयाबाई, नेकनूरला एकटी राहायची आणि रविवारच्या बाजारात लसूण अन् वाळक्या मिरच्या विकायची. मुलगा हायस्कुलात मास्तर आणि आई बाजारात पोत्यावर! स्टाफरूममध्ये यावर बरंच तोंडसुख घेतलं जाई. सर मात्र दर रविवारी मोटारसायकलवर तिकडे जात, तिच्या डोक्यावर सावलीला कापड बांधत आणि शेजारी बसून मिरच्या निवडत. अख्ख्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारा हा माणूस तिथे तिची बोलणी मुकाट्यानं खायचा.

एका रविवारी शाळेत मातृपूजन ठरलं. मुलांनी आईचे पाय धुवायचे, ओवाळायचं, आणि शिक्षकांनीही आपापल्या आईला घेऊन यायचं. मी माझ्या आईला नवी साडी नेसवून नेलं. परातीत तिचे पाय धुतले, फोटो काढून घेतला, आणि आपण मोठं पुण्य केल्यासारखा ऐटीत वावरलो. वाघमारे सर हजेरीपुरते एकटेच आले होते. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाले, "आई म्हणली, आज बाजार हाय. पाय माझे मी धुते."

"अहो, पण तुम्ही घेऊन यायचं ना त्यांना," हेडमास्तर म्हणाले. सरांनी खरोखर न कळून विचारलं, ती येत नाही म्हटल्यावर आणायचं म्हणजे कसं? यावर हेडमास्तरांनी तोंड वाकडं केलं. सरांना आईची लाज वाटते, असा निकाल त्याच दिवशी लागला.

पुढे गयाबाईंना धाप लागायला लागली. डॉक्टरांकडे जाताना सोबत मीही होतो. हृदय थकलंय, ऊन आणि बाजार बंद, इथे मुलाकडे आणून ठेवा, असं डॉक्टरांनी सरांकडे बघून सांगितलं. सर आईकडे वळले. "ऐकलंस ना? काय करायचं?"

"काय करायचंय? बाजारात बसले की चार माणसं हाक मारत्यात. घरात भिताडासंगं बोलू का?"

सरांनी औषधं घेतली आणि तिला नेकनूरला सोडून आले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चांगलंच झाडलं. म्हातारं माणूस, त्याला काय कळतं, जरा दरडावून घरी बसवा की! ते म्हणाले, "सर, मला लई भ्या वाटतं. पण जीव तिचा हाय. तिनं माझ्यासाठी सगळं केलं, म्हणून तो माझा झाला का?"

भर उन्हाळ्यात, बाजारातच ती गेली. गिऱ्हाइकाला मिरच्या दिल्या, मागे पोत्याला टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. सर शेजारीच होते. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जमली, बुद्धवंदना झाली, आणि त्यांचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तूच मारलंस तिला." सरांनी मान वर केली नाही.

मी निघालो तेव्हा ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले. डोळे सुजलेले होते. माझा हात धरून म्हणाले, "खरं सांगा सर. म्या तिचं ऐकलं, का तिला वाऱ्यावर सोडलं?"

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि गाठीभेटी संपल्या. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कधी वाटतं, आईचा इतका मान राखलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. कधी वाटतं, मामा बरोबर बोलले, कुणीतरी त्या बाईला हाताला धरून घरी आणायला हवं होतं. दोन्ही पटतं आणि दोन्हीनं झोप उडते.

त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र घरी पोचलो तो थेट आईपुढे जाऊन बसलो. वडील गेल्यावर मी तिला तलवाड्याहून बीडला आणलं, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी घेतलेल्या आरामखुर्चीत, मी घेतलेली शाल गुंडाळून ती टीव्ही बघत होती. मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "आई, तुला काय करावंसं वाटतं? कुठं राहावंसं वाटतं? तू म्हणशील तसं करू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाराशी उभ्या माझ्या बायकोकडे बघितलं. शाल सावरली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कावून रे बाबा? कुठं नेऊन ठेवायलात मला?"