गेट्टी मेली

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, तेव्हा तंबाखूच्या वखारीतला शिपाई सायकल मांडवाच्या खांबाला टेकवून आत आला आणि नवरदेवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, गेट्टी मेली." नवरदेव म्हणजे आमचे जावई, अजून व्हायचे होते. दुसऱ्या कुणी सावरून घेतलं असतं. ते अंतरपाटाआडून म्हणाले, "मेली? काल तर चांगली सोडून आलतो." वाजंत्री थांबली. माझ्या थोरल्या दिरांनी, आप्पांनी, डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरला.

"ही गेट्टी कोण?"

"दारावर बसती, आप्पा. वखारीत. अशा आठ हायत. एकेका दारावर मीच एकेक बसवलीया."

इतकं खरं बोलून इतका गोंधळ घालणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. अठ्ठ्याऐंशी साली निपाणीच्या त्या वखारीत एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याला वायरींनी आठ पडदे जोडले होते. ते जोडणं हे जावयांचं काम. वायर जिथं खुपसायची त्या भोकाला ते दार म्हणत. वायरीची दोन्ही टोकं एकाच वेगानं बोलली पाहिजेत, नाहीतर पडद्यावर नुसता कचरा येतो, हे त्यांना तिथं कळलं आणि मग त्यांनी ते माणसांनाही लावलं. हा वेग आकड्यांत मोजतात, तीनशे म्हणजे रखडत, शहाण्णवशे म्हणजे सुसाट. मला म्हणायचे, "मामी, तुम्ही छाण्णवशेनं बोलता, आप्पा तीनशेनं. मधी मी मरतोय." आप्पांना एक वाक्य सांगायला ते चहा गार होईपर्यंत वेळ घेत. पुढं एकदा बेळगावात सीमाप्रश्नाच्या सभेत त्यांनी उठून सांगितलं, की एका टोकाला मराठी नि एका टोकाला कन्नड ठेवून वायरीला शिव्या देण्यात अर्थ नाही, आधी वेग जुळवा. मराठीवाल्यांनी त्यांना हाकललं. बाहेर कन्नडवाले उभे होते, त्यांनीही हाकललं. घरी येऊन म्हणाले, "आज पहिल्यांदा दोन्हीकडनं एकच उत्तर आलं."

पण हे नंतरचं. त्या दिवशी मांडवात लग्न मोडायची वेळ आली होती. आप्पा म्हणाले, "आठ बायका ठेवलेल्याला पोरगी देत न्हाय." पाहुणे चपला शोधू लागले. माझी सुमन हार हातात घेऊन उभी होती. तिनं मला जवळ बोलावलं. "आई, जाऊन बघून ये. बाई असली तर मांडव मोड. यंत्र असलं तर लवकर ये, मला भूक लागलीया."

मी, आप्पा आणि मुंडावळ्या बांधलेले जावई जीपनं वखारीत गेलो. एका नव्या कारकुनानं, कॉम्प्युटरातली फाईल नीटनेटकी दिसावी म्हणून, दारांच्या नावांतलं एकेक अक्षर पुसलं होतं. गेट्टी म्हणजे कॉम्प्युटरातला एक प्रोग्राम. तिला आपलं दार सापडेना. उठायची, मरायची, परत उठायची. जावयांनी मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि अक्षरं परत टाईप केली. आठही पडद्यांवर नाव विचारणारी ओळ आली.

"हीच गेट्टी," जावई सावकाश, तीनशेच्या वेगानं म्हणाले. "दारावर बसती. आलेल्याचं नाव इचारती. नाव सांगितलं, की त्याला आत सोडून आपण मरती. तो माणूस गेला, की परत उठून बसती."

आप्पांनी वाकून पडद्यावरची ओळ बोटानं चाचपली. "आमच्यातबी एवढं कोण करत न्हाय," म्हणाले आणि फेटा डोक्यावर ठेवला. मुहूर्त टळला होता. भटजींनी कुरकुरत दुसरा काढला. सुमन तोवर आत बसून दोन लाडू खाऊन मोकळी झाली होती.

जावयांना तेव्हापासून एक सवय. दार उघडं असलं, मी समोर भाकरी थापत असले, तरी उंबऱ्याबाहेर थांबायचं. मी "कोण?" म्हणायचं. त्यांनी नाव, बापाचं नाव, आडनाव सांगायचं. मगच आत. सुमन म्हणायची, "आई, इचार बाई लवकर, न्हायतर ऊन लागंल तेंला."

आप्पा कधीच गेले. सुमन जाऊन चार वर्षं झाली. ती काही परत उठून बसली नाही. गुरुवारी जावई येतात, बाहेर थांबतात. मी "कोण?" म्हणते. ते पूर्ण नाव सांगतात, हल्ली तीनशेच्या वेगानं. त्या जीपमधले आता आम्ही दोघंच आहोत, ते आणि मी.