भरल्याशिवाय न निघणारी गाडी

गाडी घेतली की माणसं फिरायला लागतात. गाडी घेतल्यावर ती घराबाहेर पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो नगरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. देवळाली प्रवऱ्याकडच्या एका साखर कारखान्यात ते केनयार्डावर होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रक जिथे नंबर लावून उभे राहतात, त्या मैदानाचा कारभार त्यांच्याकडे होता. सगळी नोकरी त्यांनी एकाच शत्रूशी लढण्यात घालवली: रिकामी खेप. रस्त्यानं मोकळा ट्रक खडखडत जाताना दिसला की काकांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर ते नगरात काकूंच्या माहेरच्या घरात राहायला आले. काकू नगरच्याच मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या, नोकरीमुळे कायम इथंच राहिल्या होत्या, आणि वडिलांमागे घर त्यांच्याकडे आलं होतं. आल्या आल्या काकांनी साईच्या रंगाची एक जुनी फियाट घेतली. गल्लीला वाटलं, आता म्हातारा-म्हातारी रोज भटकणार. गाडी पंधरा दिवस जागची हलली नाही. विचारलं तर काका म्हणाले, "भरती कुठं झालीय अजून?"

काकांची भरती म्हणजे गाडीत इंचभर जागा शिल्लक नसणं. सकाळी चहा झाला की ते एकेका फाटकाशी उभे राहत. "ताई, गाडी काढायची म्हनतो. तुमचं काय काय हाय?" मी नोकरी करून घर चालवणारी, कामं आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवणारी बाई. गिरणी, गॅस, बँक, मार्केट यार्डातली ज्वारी असं मी एका दमात सांगायची. काकांना हा गुण इतका आवडला की त्यांनी मला परस्पर बढती देऊन टाकली. त्यानंतर गल्लीतल्या सगळ्यांची कामं माझ्याकडे यायची आणि एकदा गेलेल्या रस्त्यानं पुन्हा यावं लागणार नाही, असा फेरा आम्ही दोघं मिळून आखायचो. माणसं कमी पडली तर गाडी रद्द. समोरच्या आजोबांची दाढ ठणकायला लागली तेव्हा ते गाल धरून फाटकाशी आले. काका म्हणाले, "चला की. जरा दोन मानसं बघून येतो." आणि ते दारोदार विचारत फिरले, "कुनाची दाढ दुखतीय का?" गंमत म्हणजे दोघांची खरंच दुखत होती, भीतीपोटी कुणी बोललं नव्हतं. तिसऱ्याची दुखत नव्हती, पण तो काकांच्या भिडेखातर आला. एका गाडीतून चार गाल उतरलेले पाहून डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "तुमच्या गल्लीत पाणी कसलं येतं हो?"

माझ्या नणंदेला पाहायला श्रीगोंद्याहून मंडळी यायची होती. त्यांना स्टँडवरून आणायचं काम काकांनी आपणहून घेतलं. जाताना गिरणीवर डबे टाकायचे आणि येताना मंडळींसकट उचलायचे, असा त्यांचा हिशेब. मुलाचे वडील मांडीवर गव्हाच्या पिठाचा गरम डबा घेऊन आमच्या दारात उतरले. काळी टोपी, काळा कोट आणि मिशा, सगळं पांढरं. मी काकांकडे पाहिलं. काका खुशीत म्हणाले, "एका खेपेत झालं बघा!" लग्न जमलं. ज्या गल्लीत सहा घरं एका गाडीवर भागवतात तिथली मुलगी सासरी भांडणार नाही, असं त्या गृहस्थांचं मत पडलं. ते मत पुढे चुकीचं ठरलं, पण तो वेगळा विषय आहे.

सगळ्यात कडी झाली ती शिर्डीला. गल्लीतल्या बायकांना दर्शनाला जायचं होतं. काकू ख्रिस्ती, पण सहल म्हणून त्याही आल्या. आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा त्या राहात्याचे पेरू घासाघीस करून घेत बसल्या. परतताना आमच्यातली एकजण बहिणीकडे मुक्कामाला राहिली आणि एक जागा मोकळी झाली. काकांचा चेहरा पडला. फुलांच्या दुकानांपाशी उभं राहून ते वडापच्या जीपवाल्यासारखे "नगर, नगर!" ओरडायला लागले. एकाच्या जागी दोघं नवराबायको मिळाली, फुकट म्हटल्यावर पटकन बसलीसुद्धा. गाडी ठासून भरली, काकांनी मागे नजर टाकली, समाधानानं मान हलवली आणि निघाले. मी पुढे होते, मला वाटलं काकू मागे आहेत. मागच्यांना वाटलं काकू पुढे आहेत. पिशव्या मी मोजल्या होत्या, माणसं काकांच्या खात्यात होती. राहुरी आल्यावर कुणीतरी पेरू मागितले आणि मग लक्षात आलं, पेरू नाहीत आणि पेरूवाल्याशी भांडणाऱ्या काकूही नाहीत. काकांना ते पटेचना. "गाडी तर गच्च हाय! भरल्या गाडीत मानूस कमी कसं असंल?" शेवटी सगळ्यांना एसटीनं घरी जायला सांगून राहुरीच्या स्टँडवर उतरवून ते एकटे परत शिर्डीला गेले. आयुष्यातली पहिली रिकामी खेप. काकू तोवर एसटीनं घरी पोचून पायरीवर पेरू चिरत बसल्या होत्या. तास दोन तासांनी काका धुळीनं माखून आले तेव्हा काकूंनी फक्त विचारलं, "गाडी भरली होती ना?" काका म्हणाले, "व्हय." काकू म्हणाल्या, "मग झालं तर. मीठ लावू का पेरूला?"

हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटेल. मलाही वाटायचं. पण काकूंना दमा होता, आणि आमची गल्ली बाटलीसारखी होती, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला अरुंद तोंड. त्या वर्षांत हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या आणि दारोदार स्कूटरी आल्या. रिक्षावाले पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचे. थंडीच्या सकाळी आत आलेला धूर बाहेर जायचं नाव घेत नसे. काकूंचं घर बंद टोकाला. पहाटे भिंतीपलीकडून त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू यायची. काकांचं शास्त्र साधं होतं. "चार कामांना चार गाड्या म्हंजी चार धूर. चार कामांना एक गाडी म्हंजी एकच धूर. मास्तरीनबाईंच्या छातीत जागा तेवढी एकाचीच हाय."

त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी सरळ सांगितलं की काकूंना इथून मोकळ्या हवेत हलवा. कर्जतकडे काकांच्या भावाचं शेत होतं, घर होतं. काकू हलायला तयार नव्हत्या. त्या चर्चच्या गायनमंडळात पोरवयापासून गात आल्या होत्या. नाताळच्या उपासनेत त्यांचा आवाज वेगळा ओळखू यायचा, असं सगळे सांगत. "तिकडं माळावर मी कुणाबरोबर गाऊ?" त्या म्हणायच्या. "एकटीनं गायचं असतं का ते? नाताळपर्यंत तरी मला इथं राहू द्या." काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, हंगाम नाताळपतुर हाय. गल्लीतला धूर कमी करायचा. कसा, ते तुमी मांडा."

मी मांडलं. पहिलं, शक्यतो काकांच्या एकाच गाडीनं सगळ्यांची कामं. दुसरं, ज्याला आपली गाडी काढायचीच आहे त्यानं ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथं चालू करायची. तिसरं, रिक्षा आत नाही. यातलं दुसरं कलम ऐकून लोक हसले, पण काकूंनी त्यांच्यातल्या निम्म्यांना शाळेत शिकवलं होतं. रोज सकाळी आमच्या गल्लीचं दृश्य पाहण्यासारखं असे. कारकून, कंपाउंडर, कॉलेजची पोरं, सगळे आपापल्या स्कूटरी गुरं हाकल्यासारख्या ढकलत निघालेले. आणि सगळ्यांच्या पुढे काका, एका हातानं स्टिअरिंग धरून खांद्यानं फियाट रेटणारे, मागे पिशव्या घेऊन चालणारे त्यांचे प्रवासी.

ऐकले नाहीत ते एकटे वकीलसाहेब. काकूंच्या समोरच राहायचे. नवी कोरी गाडी, त्यात एकटे बसून कोर्टात जायचे. कोर्ट चालत गेलं तर घाम यायच्या आत येईल इतकं जवळ. निघण्यापूर्वी ते इंजिन तापवत ठेवून आत चहा प्यायचे. काकांनी त्यांना गाठलं.

"साहेब, आमच्या गाडीत या. कोर्टाच्या दारात सोडतो."

"पिठाचे डबे घेऊन? अशील काय म्हणतील?"

"म्हनतील, वकील घरचा हाय."

"काका, गाडी माझी, पेट्रोल माझं. तुम्हाला अडचण काय?"

"अन् धूर? त्यो बी तुमचाच ना? मग घरात घ्या की, बाहेर कशाला सोडता?"

वकीलसाहेबांनी काच वर केली. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. चिडले कधीच नाहीत. केनयार्डात ट्रकवाल्यांनी त्यांना याहून वाईट बोलून घेतलं होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी, धुकं आणि धूर वेगळे सांगता येऊ नयेत अशा हवेत, काकूंना जोराचा अटॅक आला. काकांनी हाक मारली तशी मी धावले. आम्ही दोघांनी त्यांना धरून फियाटच्या मागच्या सीटवर बसवलं. ओठ निळसर पडले होते, बोलता येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ओरडले, "काका, किल्ली फिरवा!"

"न्हाई," काका म्हणाले. "थंडीत पहिला धूर काळा येतो. तिच्या नाकात जाईल."

आणि त्या माणसानं खांदा लावला. एरवी रिकामी पुढे सरकणारी गाडी त्या दिवशी आम्हा दोघींच्या वजनानं हलेना. समोर वकीलसाहेबांची गाडी नेहमीसारखी तापत उभी होती. ते काळ्या कोटात, हातात कप घेऊन दारात आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग कप पायरीवर ठेवला, आधी जाऊन स्वतःच्या गाडीचं इंजिन बंद केलं आणि पळत येऊन मागून गाडीला दोन्ही हात लावले. "काका, तुम्ही आत बसा. स्टिअरिंग धरा. मी आहे." गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांनी जवळजवळ एकट्यानं गाडी नेली. नेहमीच्या वेळेला पिशव्या घेऊन बाहेर पडलेली मंडळी भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणीतरी सवयीनं दाराच्या कडीला हात घातला तसं काका म्हणाले, "आज न्हाई."

दवाखान्यात काकूंचा श्वास दुपारपर्यंत मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांची गाडी जाग्यावर झाकलेली होती आणि ते फियाटच्या पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसले होते. काका त्यांना म्हणाले, "झाकन घट्ट धरा साहेब, कोट काळा हाय."

नाताळच्या उपासनेला आम्ही दोन खेपांत सगळी गल्ली गेलो. काकू गायनमंडळात उभ्या राहिल्या. पहिल्या गाण्याला त्यांचा आवाज खरोखरच वेगळा ओळखू आला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो थांबला. ओठ हलत राहिले, पण आवाज शेजारणींचाच होता. मागच्या बाकापाशी काका मान खाली घालून उभे होते. घरी येताना काकू स्वतःच म्हणाल्या, "आता कर्जतला जाऊ या. गल्लीनं केलं तेवढं खूप केलं."

ते गेल्यावर आम्ही काही दिवस गाड्या ढकलल्या. वकीलसाहेब तर शेवटपर्यंत कोर्टात चालत गेले. पण भाडेकरू बदलले, नवी माणसं आली, त्यांना कुणासाठी ढकलायचं ते ठाऊक नव्हतं. एकेक किल्ली दारातच फिरायला लागली. आता प्रत्येक फाटकाशी एक गाडी आहे आणि प्रत्येक गाडीत एक माणूस.

ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी कार्यालयाच्या कामानं कर्जतला गेले होते. काम आटोपून, परतीची एसटी पक्की विचारून, मी त्यांच्या शेतावर गेले. कोरडी, स्वच्छ हवा, लांबवर मोटारीचा आवाज नाही. काकू ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. गाल भरले होते. मी विचारलं, "गाता की नाही?" त्या हसल्या आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "सुरू करा." मला वाटलं काका पेटी आणायला उठताहेत. ते उठले नाहीत. घसा खाकरून, डोळे गच्च मिटून, सुरापासून बारा मैल लांब राहून त्यांनी गाणं धरलं. जन्मात कधी न गायलेला माणूस. काकूंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं, सूर न बदलता आपला आवाज त्याला जोडला, आणि श्वासासाठी कुठंही न थांबता त्या गात राहिल्या. काका प्रत्येक ओळीला चुकत होते, पण एकही ओळ सोडत नव्हते.

वेळेवर चालणारी बाई म्हणून माझं नाव आहे. एसटीची वेळ झाली हे मला दिसत होतं. मी ती जाऊ दिली.